नव्याने बांधलेले इंजिन घरच्या अंगणात गाडीत चढवताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून किंचित मोठे करून, आणलेला मारुती ८०० चा ब्लॉक मी संध्याकाळी पडवीत उतरवला, वर नुसते गोणपाट टाकले आणि झोपायला गेलो. सकाळी पाहतो तर तिन्ही सिलिंडरच्या भिंतींवर होनिंगने काढलेल्या बारीक तिरप्या रेघांच्या जाळीत तांबूस छटा आली होती. गुहागरच्या किनाऱ्यावर खारा वारा एका रात्रीत एवढे करू शकतो. डाग वरवरचा होता आणि तेलाच्या फडक्याने निघाला; पण त्या दिवसापासून यंत्रकाम झालेले उघडे लोखंड तेल चोळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचे तोंड बांधल्याखेरीज मी ठेवत नाही. किनाऱ्यावर राहून हे काम करणाऱ्या कोणालाही पहिली सूचना मी हीच देईन.

गाडी १९९६ सालची, कार्ब्युरेटरची. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा ती तिथे एका नातेवाइकांच्या दारात उभी होती. पाणी ओसरल्यावर प्लग काढून न पाहता सेल्फ मारण्याचा उतावळेपणा मीच केला. एका सिलिंडरने क्षणभर पेट घेतला आणि शेजारच्या सिलिंडरमध्ये साचलेल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकवला, कारण हवा दाबली जाते तसे पाणी दाबले जात नाही. पुढे कुंभार्ली घाटाने कऱ्हाडमार्गे कोल्हापूर, तिथे बोअर आणि क्रँकचे ग्राइंडिंग, मूळच्या ६८.५ मिलिमीटरच्या जागी अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन, आणि परत आल्यावर एका जाणत्या मिस्त्रींनी पडवीत बसून बांधून दिलेले इंजिन, असा प्रवास झाला. गाडीत ते चढवण्याचे काम मात्र मी दोन शेजाऱ्यांना हाताशी घेऊन केले. पुढचे विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे. आडवे बसवलेले इंजिन आणि पुढची चाके ओढणारी कोणतीही जुनी छोटी गाडी असेल, तर त्यातले बरेचसे तिलाही लागू पडेल. आकडे मात्र ज्याने त्याने आपल्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतूनच घ्यावेत.

या कामात एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. साखळीला लटकलेल्या इंजिनापाशी उभे राहून विचार करता येत नाही, कारण तोवर दोन माणसे अवघडून उभी असतात, कोणाचा तरी हात फटीत असतो आणि सगळ्यांनाच काम उरकायची घाई झालेली असते. म्हणून जे जमिनीवर बसून करता येते ते जमिनीवरच पुरे करावे, आणि साखळी ओढायला घेण्यापूर्वी गाडीत उरलेली कामे बोटांवर मोजण्याइतकी राहिलेली असावीत.

जागा, दिवस आणि आधार

जून ते सप्टेंबर हे काम काढू नये. छप्पर असले तरी हवेतली ओल क्लच प्लेटला, फ्लायव्हीलच्या घासलेल्या तोंडाला आणि इलेक्ट्रिकच्या जोडांना लागतेच. गणपतीला चाकरमानी आले की घरात हात पुष्कळ असतात हे खरे, पण त्या दिवसांत कोणतेच काम सलग होत नाही, आणि या कामात मध्येच उठून आरतीला जाणे म्हणजे कुठला तरी बोल्ट हाताने लावलेला पण न आवळलेला राहणे. दिवाळीनंतरचा कोरडा काळ सर्वांत सोयीचा.

अंगण सारवलेले असेल तर जॅक त्यात रुततो. निदान दीड इंच जाडीच्या, हातभर लांबीरुंदीच्या फळ्या जॅकखाली आणि स्टँडखाली घालाव्यात. आपल्याकडे गाडी उचलून चाकाच्या जागी जांभ्याचे चिरे रचण्याची सवय सर्रास दिसते. ती मोडलीच पाहिजे. चिरा सच्छिद्र असतो, भिजला की आणखी कमकुवत होतो आणि फुटताना पूर्वसूचना देत नाही. गाडीखाली जायचे तर लोखंडी स्टँडवरच, आणि गाडी एकदा हाताने जोरात हलवून पाहिल्यावरच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली पायसुद्धा घालू नये.

इंजिन टांगायला झाडाची फांदी वापरायचा मोह होतो. शेवगा आणि जांभूळ यांचा तर विचारही नको. आंब्या-फणसाची जाड फांदी वजन पेलेल, पण ती नेमकी इंजिनाच्या जागेवर नसते, आणि तिरपी साखळी इंजिनाला झोका देते. घराच्या वाशाला कप्पी अडकवणारे महाभागही मी पाहिले आहेत. कौलांचा भार धरायला बसवलेला वासा हलत्या वजनासाठी नसतो. लोखंडी पाइपांची तिपाई आणि एक टनाची चेन कप्पी दिवसाच्या भाड्याने मिळते, आणि ८०० च्या इंजिनाला ती पुरून उरते. चाके असलेली हायड्रोलिक क्रेन मिळाली तर उत्तम, परंतु तिची छोटी चाके मातीच्या अंगणात फिरत नाहीत, त्यामुळे तिला सिमेंटची जमीन लागते. तिपाईखाली मात्र गाडीच हलवायची असते: इंजिन वर खेचून धरायचे आणि गाडी ढकलत त्याच्याखाली आणायची. म्हणून गाडीची चाके जमिनीवर आणि मोकळी असावीत, आणि पाचर घेऊन एक माणूस मागच्या चाकापाशी बसलेला असावा.

सुटे बोल्ट ठेवायला मी नारळाच्या करवंट्या वापरल्या: एका भागाची एक करवंटी, आणि आत कागदाची चिठ्ठी. वायरींना लावलेल्या कागदी चिकटपट्ट्या मात्र दमट हवेत गळून पडतात आणि त्यांवरची शाई तेलाने पुसली जाते. त्याऐवजी रिकाम्या डब्याच्या पत्र्याचे बोटभर तुकडे कापून, त्यांवर खिळ्याने अंक कोरून ते तारेने बांधावेत. उतरवताना काढलेले मोबाइलमधले फोटो कामी येतात, पण फोटोत दिसणारी वायर कोणत्या वायरीच्या मागून गेली आहे हे बहुधा कळत नाही.

जमिनीवरची कामे

पहिल्यांदा इंजिनाचा खड्डा, म्हणजे बॉनेटखालची रिकामी जागा, घासून धुऊन कोरडी करावी. इंजिन आत असताना जिथे हात जात नाही तिथला गंज खरवडून त्यावर प्राइमर आणि रंग लावण्याची संधी पुन्हा मिळत नाही. क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल, ब्रेकच्या धातूच्या नळ्या आणि पेट्रोलचे रबरी पाइप याच वेळी तपासावेत. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते आणि जुन्या रबराला फुगवते. म्हणून पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि क्लिपा नव्याच घालाव्यात. टाकीत राहिलेले जुने पेट्रोलही काढून टाकावे. त्याला व्हार्निशसारखा वास येत असेल तर शंकाच नको.

इथे एक विशेष सूचना. गाडी काही महिने उघडी पडलेली असेल तर प्रत्येक उघड्या नळीत तार घालून पाहावी. कुंभारीण माशी बोटाएवढे भोक दिसले की त्यात माती भरून घर करते. माझ्या गाडीच्या टाकीकडून येणाऱ्या धातूच्या नळीत तिने इंचभर बूच बसवले होते. बाहेरून काहीच दिसत नव्हते. पेट्रोल का येत नाही म्हणून मी पंप दोनदा उघडला, नवे डायफ्रॅम आणले, अर्धा दिवस घालवला, आणि शेवटी सायकलचा पंप लावून फुंकल्यावर लालसर मातीचा एक सुबक तुकडा बाहेर येऊन पडला. त्यानंतर इंजिनाचे, गिअरबॉक्सचे आणि नळ्यांचे प्रत्येक तोंड मी टेपने बंद करतो. फडके कोंबून ठेवू नये. आत राहिलेले फडके इंजिन चालू झाल्यावरच आठवते.

माउंटिंगची रबरे हाताने पिळून पाहावीत. भेगा पडलेले रबर परत बसवणे ही फार महागात पडणारी काटकसर आहे, कारण ते नंतर बदलायचे तर इंजिन पुन्हा अर्धे उचलावे लागते. क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सीले, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील आणि अ‍ॅक्सल जिथे शिरतात तिथली दोन सीले नवी घालावीत आणि त्यांच्या ओठांना बोटाने तेल लावावे. कोरडे सील पहिल्याच फेऱ्यात जळते.

टायमिंग बेल्ट बसवल्यावर कॅमच्या आणि क्रँकच्या पुलीवरच्या खुणा जुळल्या आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे आणि खुणा पुन्हा जुळतात का हे पाहावे. फिरताना कुठे ठाम अडले तर जोर लावू नये; अडण्याचे कारण शोधावे. डिस्ट्रिब्युटरही जमिनीवरच बसवून घ्यावा. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून क्रँक फिरवला की हवा अंगठा ढकलते. तीच कंप्रेशनची फेरी. त्या फेरीत पिस्टन वर आला असताना रोटरचे तोंड एक नंबरच्या वायरीकडे असले पाहिजे. या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-३-२ आहे. टॅपेटचा, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला, गॅप थंड इंजिनावर पुस्तिकेप्रमाणे लावून मगच वरचे झाकण बंद करावे.

आता क्लच. फ्लायव्हीलचे आणि प्रेशर प्लेटचे तोंड स्वच्छ पेट्रोलने पुसून घ्यावे. त्यावर तेलकट बोटाचा ठसाही राहू देऊ नये. क्लच प्लेट उलटीही बसू शकते, आणि उलटी बसल्याचे गाडीत चढवून पॅडल दाबेपर्यंत कळत नाही, म्हणून तिच्यावर फ्लायव्हीलकडच्या बाजूची खूण असेल ती पाहावी. नसेल तर स्प्रिंगांचा उंचवटा गिअरबॉक्सकडे येतो हे ध्यानात ठेवावे. प्लेट नेमकी मध्यावर आणायला बाजारात मार्गदर्शक दांडी मिळते. मी जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्टच वापरला, आणि तोही नसेल तर सुताराकडून लाकडाची खुंटी घडवून घेता येते. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, तीन-चार फेऱ्यांत आवळावेत. इनपुट शाफ्टच्या लांबीत पाडलेल्या खाचांना ग्रीसचा नुसता हात फिरवावा. जास्त झालेले ग्रीस फिरताना उडून प्लेटवरच जाते.

गिअरबॉक्स इंजिनाला जोडण्याचे काम संयमाचे आहे. दोन्ही लाकडी ठोकळ्यांवर एका पातळीत ठेवावेत, जोडाच्या दोन पिना जागेवर आहेत याची खात्री करावी आणि गिअरबॉक्स सरळ रेषेत आत ढकलावा. दोन्ही तोंडांमध्ये बोटभर फट राहून तो अडला तर खाचा जुळलेल्या नाहीत असे समजावे; एकाने क्रँक किंचित फिरवावा, दुसऱ्याने ढकलत राहावे, आणि खाच सापडली की गिअरबॉक्स आपोआप आत जाऊन टेकतो. फट राहिली असताना बोल्टांनी आवळून दोन्ही तोंडे एकत्र आणण्याचा प्रयत्न करू नये. अ‍ॅल्युमिनियमचा कान मोडतो किंवा क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. कसेही झाले तरी सगळे पुन्हा उघडावे लागते. सगळीकडचे बोल्ट आधी बोटांनी निदान तीन-चार आटे लावून मग पान्याने आवळावेत. अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणारा ८ मिलिमीटर जाडीचा बोल्ट २० ते २५ न्यूटन-मीटरला पुरा झालेला असतो. सवयीच्या जोराने ओढला तर आटे जातात, आणि गेलेले आटे घरी परत पाडता येत नाहीत.

चढवणे

साखळी इंजिनाच्या मूळच्या उचलण्याच्या कड्यांनाच बांधावी. इनटेक मॅनिफोल्डला, डायनामोच्या पट्टीला किंवा डिस्ट्रिब्युटरभोवती ती कधीही गुंडाळू नये. बॉनेट काढून ठेवलेले असावे, आणि काढण्यापूर्वी बिजागरांभोवती पेन्सिलने रेघ मारलेली असावी. रेडिएटर बाहेर असेल तर जागा मिळते आणि त्याच्या जाळीला धक्का बसत नाही. बॅटरीही बाहेरच असावी.

आमच्याकडे कप्पीची साखळी शेजारच्या काकांच्या हातात होती. सुरू करण्यापूर्वी ठरवून घेतले की "थांबा" हा शब्द तिघांपैकी कोणीही उच्चारला तर साखळी तिथेच थांबेल आणि कारण नंतर विचारले जाईल. काकांनी विचारले, "आणि मीच दमलो तर?" तेव्हा तेही त्यात धरले. असे ठरवणे हास्यास्पद वाटते, पण खड्ड्यात डोके घातलेल्या माणसाला कप्पी दिसत नाही आणि कप्पीवाल्याला बोटे दिसत नाहीत.

इंजिन खाली येताना गिअरबॉक्सची बाजू थोडी खाली ठेवून तिरपे आणावे म्हणजे गिअरबॉक्स आधी आपल्या जागेकडे सरकतो. एका वेळी दोन-तीन बोटेच उतरवावे आणि प्रत्येक टप्प्यावर चारी बाजूंनी पाहावे: ब्रेकच्या नळ्या चेपत नाहीत ना, वायरिंगचा जुडगा खाली अडकला नाही ना, अ‍ॅक्सलचे टोक गिअरबॉक्सच्या सीलवर टेकलेले नाही ना. माउंटिंगचे बोल्ट लावण्याची पद्धत अशी की आधी सगळे हाताने धरून ठेवायचे, एकही आवळायचा नाही. बोल्ट शिरत नसेल तर भोकात टामी, म्हणजे लोखंडी दांडी, घालून इंजिन किंचित सरकवावे. भोकात बोट घालून मोजमाप घेऊ नये. सगळे बोल्ट लागले की साखळी सैल करून इंजिनाचे वजन रबरांवर सोडावे, इंजिन हाताने दोन-तीनदा हलवावे म्हणजे ते आपल्या स्वाभाविक जागी बसते, आणि त्यानंतरच टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळावे. याचा क्रम चुकला तर एखादे रबर पिळलेले राहते आणि स्टिअरिंगपर्यंत थरथर येत राहते. साखळी मात्र शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत काढू नये.

जोडण्या

खालच्या जोडण्या आधी कराव्यात. अ‍ॅक्सलची आतली टोके गिअरबॉक्समध्ये घालताना त्यांवरच्या सर्कलिप, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या, नव्या असाव्यात. टोक सरळ रेषेत ठेवून एका झटक्यात आत ढकलले की "टक्" असा आवाज येतो आणि हाताला ते बसल्याचे कळते. मग आतला जॉइंट धरून, शाफ्ट न ओढता, तो बाहेर येत नाही ना हे पाहावे. हा आवाज आला नसेल तर पहिल्याच वळणावर अ‍ॅक्सल बाहेर येऊन गिअरचे तेल रस्त्यावर सांडते. सायलेन्सरचा पाइप नव्या गॅस्केटसह जोडावा, पण इंजिनाची माउंटिंगे पक्की झाल्यावरच. गिअरचा रॉड जोडल्यावर सेल्फ न मारता, चाक हाताने फिरवत, रिव्हर्ससह प्रत्येक गिअर पडतो का ते पाहावे. गिअरबॉक्समध्ये तेल लेव्हल प्लगच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत भरावे. हे तेल विसरून गाडी चालवलेले लोक मला ठाऊक आहेत, म्हणून मी तो प्लग उघडाच ठेवतो आणि तेल भरल्यावरच बंद करतो.

क्लच केबल लावून गिअरबॉक्सवरच्या दांडीला दोन ते चार मिलिमीटरचा मोकळा खेळ ठेवावा. अ‍ॅक्सिलरेटर केबल लावली की एकाने पॅडल पूर्ण दाबून सोडावे आणि दुसऱ्याने कार्ब्युरेटरचे पाते पूर्ण बंद होते का हे डोळ्यांनी पाहावे. नव्या इंजिनाला अडकलेल्या अ‍ॅक्सिलरेटरइतका घातक शत्रू दुसरा नाही.

इलेक्ट्रिकच्या जोडांपैकी अर्थिंगच्या पट्टीकडे किनाऱ्यावर सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. गिअरबॉक्सकडून बॉडीकडे येणारी ही जाड विणलेली पट्टी खाऱ्या हवेत हिरवी पडते, आतून कुजते, आणि तरीही बाहेरून शाबूत दिसते. मी एकदा दुसऱ्याच एका गाडीत ती जोडायची विसरलो होतो. सेल्फ दाबला, तो कसाबसा कण्हला, आणि क्लच केबलच्या आवरणातून धुराची बारीक रेघ निघाली. सेल्फचा सगळा प्रवाह बॉडीकडे जाण्यासाठी वाट शोधत होता आणि ती वाट त्याला त्या बारीक पोलादी तारेतून मिळाली होती. तेव्हापासून पट्टी नवी घेतो, बॉडीवरची तिची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करतो, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावतो. बॅटरी सर्वांत शेवटी जोडावी, आणि तिची निगेटिव्ह वायर त्यातही शेवटी.

रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी घालू नये. समुद्रालगतच्या वाड्यांतल्या विहिरींना उन्हाळ्यात थोडाफार खारटपणा येतोच आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला तो मानवत नाही. तयार कूलंट किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण घालावे, आणि भरताना वरचा रबरी पाइप हाताने दाबत राहावे म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते.

पहिला सेल्फ

इंजिनात साधे खनिज तेल, २०-डब्ल्यू-४० जातीचे, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरावे. नवा फिल्टर बसवण्यापूर्वी त्यातही तेल ओतून तो भिजवावा. महागडे सिंथेटिक तेल सुरुवातीला टाळावे, असे माझे मत आहे, कारण रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांना थोडी घासून बसायला हव्यात.

यानंतर तिन्ही प्लग काढावेत, इग्निशन कॉइलला येणारी बारीक वायर सोडून तिचे टोक टेपने गुंडाळावे आणि पेट्रोलचा पाइप पंपाकडे येण्यापूर्वीच बंद करावा. प्लग नसल्यामुळे इंजिन हलके फिरते आणि बेअरिंगांवर भार न पडता तेलाचा पंप तेल वर चढवतो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त दाबू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावे, नाहीतर सेल्फच जळतो. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत हे करत राहावे. माझा दिवा पाचव्या खेपेला विझला, आणि त्या चार खेपांच्या मधल्या मिनिटांत मी मनातल्या मनात मिस्त्रींशी बरेच भांडून घेतले. सहा-सात खेपांनंतरही दिवा विझला नाही तर पुढे जाऊ नये. तेल पंपापर्यंत का पोहोचत नाही, हे शोधल्याशिवाय सुरू केलेले इंजिन काही मिनिटांत बेअरिंगे खाऊन टाकते. शक्य असेल तर दिव्याचा स्विच काढून तिथे तात्पुरते प्रेशर गेज लावावे. दिवा फक्त हो की नाही एवढेच सांगतो, गेज किती ते सांगते.

दिवा विझला की कंप्रेशनही मोजून घ्यावे. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तिन्ही सिलिंडरचे आकडे घ्यावेत. रिंगा अजून बसलेल्या नसल्यामुळे आकडे थोडे कमी दिसले तरी चालतात, पण दोन सिलिंडरांमध्ये १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर पुढे जाण्यापूर्वी कारण शोधावे. मग प्लग, वायरी आणि पेट्रोल जोडावे. पाइपांच्या प्रत्येक जोडाखाली बोट फिरवून ते कोरडे आहे ना हे पाहावे, आणि अग्निशामक नळकांडे किंवा निदान वाळूची बादली हाताशी ठेवूनच किल्ली फिरवावी. गाडी उघड्यावर असावी.

इंजिन लागल्यावर त्याला स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता, सोडू नये. कॅम आणि रॉकर यांना तेल मुबलक मिळावे म्हणून रेस थोडी धरून ठेवावी, मिनिटाला साधारण १,५०० ते २,००० फेऱ्यांच्या दरम्यान, आणि ती किंचित कमी-जास्त करत राहावी. ८०० ला फेऱ्यांचे मीटर नसल्यामुळे हे कानानेच ठरवावे लागते. स्लोच्या आवाजाच्या दुपटीहून थोडा वर, एवढा अंदाज पुरतो. पंधरा-वीस मिनिटे हे चालावे. एकाने तेलाचा दिवा आणि तापमानाचा काटा यांवरून नजर हलवू नये; दुसऱ्याने गाडीभोवती फिरत गळती पाहावी. मॅनिफोल्डला लागलेले तेल जळून धूर येतो आणि सायलेन्सरमधूनही काही मिनिटे निळसर धूर येतो, त्याने घाबरू नये. तेलाचा दिवा लुकलुकला, धातूचा ठोका ऐकू आला किंवा काटा लाल भागाकडे सरकू लागला, तर मात्र विचार न करता इंजिन बंद करावे. रेडिएटरचा पंखा आपणहून सुरू झाला की थर्मोस्टॅट, स्विच आणि रिले या तिघांचीही परीक्षा झाली असे समजावे.

बंद केल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, मगच रेडिएटरची टोपी उघडून पातळी पाहावी, तेल पुन्हा मोजावे आणि रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा पसरावा. सकाळी पुठ्ठ्यावरचा डाग कुठे आहे यावरून सील की होज हे कळते. डागाचा रंग आणि वास उरलेले सांगतो.

पहिले हजार किलोमीटर

रिंगा बसण्यासाठी इंजिनावर भार यावा आणि जावा लागतो. एकाच वेगाने हायवेवर तासभर जाणे किंवा दारात उभे करून चालू ठेवणे, दोन्ही निरुपयोगी. या दृष्टीने गुहागरहून शृंगारतळी, मार्गताम्हाने करत चिपळूणला जाणारा रस्ता उत्तम आहे, कारण चढ आणि उतार एकामागून एक येतात. चढावर मध्यम अ‍ॅक्सिलरेटर द्यावा, उतारावर गिअरमध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, आणि वेग ताशी ६० किलोमीटरच्या आतच ठेवावा. चढावर टॉप गिअरमध्ये इंजिन कण्हत ओढू देणे जास्त वेगाने पळवण्याइतकेच वाईट, म्हणून गिअर वेळेवर उतरवावा. पूर्ण भरलेली गाडी घेऊन परशुराम किंवा कुंभार्ली घाट पहिल्या ५०० किलोमीटरपर्यंत टाळावा.

पहिले तेल आणि फिल्टर मी १०० किलोमीटरला बदलले, दुसरे ५०० ला. पहिले तेल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात पाहावे. करड्या रंगाची बारीक चमक असणे स्वाभाविक आहे. चुंबकाला न चिकटणारे, नखाने चेपणारे पापुद्रे दिसले तर ते बेअरिंगचे आहेत आणि इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी उघडावी लागेल. माउंटिंगचे, अ‍ॅक्सलचे आणि मॅनिफोल्डचे बोल्ट पहिल्या १०० किलोमीटरनंतर एकदा पान्याने पारखून घ्यावेत. हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे की नाही हे गॅस्केटच्या प्रकारावर ठरते, म्हणून गॅस्केटबरोबर आलेला कागद टाकून देऊ नये.

जुना ब्लॉकच वापरला असेल तर कागदपत्रांत काही बदलत नाही. ब्लॉक बदलून दुसरा बसवला असेल तर मात्र इंजिन नंबर बदलतो आणि त्याची नोंद आरटीओत आरसीवर करून घ्यावी लागते. हे काम इंजिन चढवण्यापूर्वीच मार्गी लावलेले बरे, कारण नंतर नंबर पाहायला आरसा आणि टॉर्च घेऊन वाकावे लागते.

हजार किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा लावावेत आणि कंप्रेशन पुन्हा मोजावे. माझ्या गाडीत तिन्ही आकडे पहिल्यापेक्षा वर आले होते आणि एकमेकांच्या जवळ होते. ते दोन्ही वेळचे आकडे, तारखेसह, बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटने लिहून ठेवले आहेत.